सरांनी साइड दिली नाही

गाडी मी पहिल्यांदा शिकलो ती उलटी. आमचं गाव सांगलीजवळचं, आणि गावच्या यात्रेत रिक्षांची शर्यत लागते ती रिव्हर्स गिअरात. रिक्षा उलटी पळवायची, मान वळवून मागे बघायचं, एक हात हँडलवर, अर्धं अंग बाहेर. रिक्षा कलंडू नये म्हणून एक जण लटकून तोल सांभाळतो. दोन्ही बाजूंना माणसं दाटलेली असतात आणि ती हात-दीड हात अंतरावरून शिट्ट्या मारतात. मी एकोणीस वर्षांचा असताना ती शर्यत जिंकलो. गाडी आप्पांची होती. आप्पा म्हणजे माझे वडील, रिक्षावाले. ढाल घेऊन घरी गेलो तर आप्पांनी ढालीकडे बघितलं नाही, आधी रिक्षाचा वास घेतला.

"क्लच प्लेट जाळलीस."

"पहिला आलो, आप्पा."

"ती जळलेली पण पहिली आली काय?"

आई चुलीपुढून हसली, ते मला अजून ऐकू येतं. त्या वेळी शाळा सोडून मला चार वर्षं झाली होती. नववीत दोनदा नापास झालो. तिसऱ्यांदा बसवायला आप्पा तयार होते, मी नव्हतो. सांगलीतल्या एका गॅरेजात टेम्पोचे गिअरबॉक्स खोलायला लागलो आणि त्यात मात्र कधी नापास झालो नाही. मोठी मोठी माणसं दार उघडं ठेवून गाडी सुरू करायची आणि मला फक्त ऐकायला लावायची. आवाजावरून सांगायचं, आत काय गेलंय.

सिंगापूरला आलो तो एजंटामार्फत, फिटर म्हणून. जुरोंग आयलंडवरच्या एका कारखान्यात पाइपांचे जोड आवळायचे, गळती बघायची. पहाटे लॉरीतून नेतात, गेटवर पास दाखवायचा, संध्याकाळी परत लॉरीतून डॉर्मिटरीत. खोलीत आम्ही बारा जण, मराठी मी एकटा. मला इथे काही वाईट वाटत नव्हतं, हे खरंच सांगतो. पगार वेळेवर, जेवण वेळेवर, उन्हात काम असलं तरी पाणी थंड. गावातल्या माझ्या वयाच्या पोरांपेक्षा माझं बरंच चाललं होतं. भीती एवढीच की हे कुणी काढून घेईल. कामाचा पास कॅन्सल झाला तर, फोरमन नाराज झाला तर, इंग्रजीत काही तरी विचारलं आणि मी चुकीची मान हलवली तर. या भीतीत मी दोन वर्षं इतका सरळ वागलो की फोरमन, जो तामिळ होता, मला 'टेंपल' म्हणायचा. देवळातल्यासारखा उभा राहतोस म्हणायचा.

सरांची ओळख कँटीनमध्ये झाली. ते त्याच कारखान्यातले इंजिनिअर, मूळचे नागपूरचे, आमच्यासारखे लॉरीतून नाही, कंपनीच्या बसने येणारे. मी डबा खात होतो आणि मागच्या टेबलावर कुणी तरी फोनवर मराठीत बोलत होतं. इतक्या दिवसांनी मराठी कानावर पडल्यावर मी घास चावायचा थांबलो.

"अरे, तिसऱ्या गिअरला टाकलं की खडखड करून राहिली. ऑइल बदललं, केबल बदलली. क्लच पण नवीन आहे ना बे."

मला गप्प बसता आलं नाही. तोंडात घास तसाच ठेवून मी वळलो.

"सर, सिंक्रो गेलाय. तिसऱ्या गिअरची रिंग. क्लचचं काही नाही त्यात."

त्यांनी फोन कानापासून लांब धरला. "कोण बे तू?"

त्या रविवारी मी त्यांच्याबरोबर समुद्रावरचा कॉजवे ओलांडून पलीकडे मलेशियात गेलो. आपल्या पासपोर्टवाल्यांना तिकडे व्हिसा लागत नाही असं नुकतंच झालं होतं. तरी इमिग्रेशनच्या रांगेत मी पासपोर्ट तीनदा उघडून बघितला. पलीकडे एका वर्कशॉपात सरांची शर्यतीची गाडी ठेवलेली होती. शर्यतीची म्हणजे वेगळी काही नाही. शोरूममधून कुणीही घेईल तीच छोटी गाडी, आतली सीटं आणि गालिचे काढलेले, लोखंडी पिंजरा जोडलेला, एक खोल सीट आणि पट्टे. बॉनेटखाली इंजिन तेच, जे बाजारात जाणाऱ्या बाईच्या गाडीत असतं. मला हेच आवडलं. अशी गाडी मला कळते.

वर्कशॉप एका आंटीचं होतं. साठीची चिनी बाई, केस पुरुषासारखे कापलेले, शर्यतीत स्वतःच्या दोन गाड्या उतरवणारी. मी गिअरबॉक्स खोलला आणि तिसऱ्याची रिंग काढून तिच्या हातावर ठेवली, झिजून ब्लेडसारखी झालेली. तिने ती बघितली, मग माझ्याकडे बघितलं आणि सरांना म्हणाली, "याला दर रविवारी आण, ला." तिकडची माणसं वाक्याच्या शेवटी 'ला' लावतात, आपण 'की' लावतो तसं.

असा मी दर रविवारी जाऊ लागलो. मिळत काही नव्हतं, मागितलंही नाही. दुपारचं जेवण आणि गाडीजवळ उभं राहायला मिळणं, एवढ्यात मी खूश होतो. एकदा सरावाच्या दिवशी सरांची कंबर धरली. मला म्हणाले, तू दोन चकरा मार आणि गिअरचा आवाज ऐकून ये. मी पाच मारल्या. परत आलो तेव्हा सर हातातल्या घड्याळाकडे बघत उभे होते.

"आवाज ठीक आहे, सर."

"आवाजाची गोष्ट सोड. तू माझ्यापेक्षा दोन सेकंद कमी घेतले एका चकरेला."

मला वाटलं चूक झाली. मी सॉरी म्हणालो. सरांनी डोक्याला हात लावला. "सॉरी काहून म्हणतो बे? आणि सर म्हणणं बंद कर. नाव घे माझं."

ते मला जमलं नाही. शर्यतीचं लायसन्स सरांनी काढून दिलं. मेडिकल, फॉर्म, फोटो, सगळं त्यांनी केलं. फॉर्मवर शिक्षणाचा रकाना होता. मी पेन धरून बसलो तर त्यांनी फॉर्म ओढला आणि तिथे एक आडवी रेघ मारली. "हे विचारायचं कारण काय यांना," म्हणाले. असल्या माणसाला नावाने कसं हाकारायचं?

मग तो शनिवार-रविवार आला. आंटीच्या दुसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरचं कॉलरबोन मोडलं होतं. तिला तेवढ्या शनिवार-रविवारपुरता माणूस हवा होता आणि सरांनी माझं नाव सांगितलं. आंटीने मला ऑफिसात बोलावून सरळ सांगितलं, "रविवारी दोन रेस आहेत. सकाळी एक, दुपारी एक. आमच्या क्लासमध्ये पहिल्या तिनात ये. आलास तर पूर्ण सीझनची सीट तुझी. नाही आलास तर रिंग बदलायला ये, तुझं स्वागत आहे."

फोरमनकडे शनिवार मागितला तेव्हाही मी तसाच देवळातल्यासारखा उभा होतो. तो म्हणाला, "टेंपल, पहिल्यांदा काही तरी मागतोयस. जा."

सकाळची रेस बारा चकरांची. मी सातव्या जागेवरून सुटलो आणि चौथ्या चकरेपर्यंत चौथा होतो. माझ्यापुढे तिसऱ्या जागेवर सरांची निळी गाडी. आणि मला लगेच कळलं की मी त्यांच्यापेक्षा जोरात आहे. लांब उजव्या वळणावर ते लवकर ब्रेक मारत होते आणि बाहेर पडताना गाडी डावीकडे सोडत होते. आतून एक ट्रक जाईल एवढी जागा व्हायची. दर चकरेला व्हायची.

मी गेलो नाही. आता काय झालं ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. आप्पांनी मला रस्त्यावरची गाडी शिकवली तेव्हा एक गोष्ट पहिल्या दिवशी सांगितली होती. पुढे आपल्यापेक्षा मोठा माणूस असला की साइड मागायची. डिपर मारायचा. तो उजवा इंडिकेटर देतो नाही तर हात बाहेर काढून हलवतो, मग जायचं, आणि जाताना हात वर करायचा. न मागता अंगावरून जाणाऱ्याला आमच्याकडे रिक्षा स्टँडवर उभं करत नाहीत. मी डिपर मारला. दोनदा. सरांनी आरशात बघितलं, मला हेल्मेट हललेलं दिसलं. इंडिकेटर काही आला नाही. मी पुढच्या चकरेला परत मारला. त्यांचा वेग थोडा कमी झाला, मला वाटलं देतायत. दिली नाही. मी त्यांच्या बंपरला चिकटून राहिलो आणि दर सरळ पट्ट्यावर लाइट चमकवत राहिलो. आठ चकरा. मागून पाचवा आला तर त्याला मी जागा दिली नाही, त्याच्याबद्दल मला काही वाटलं नाही. फक्त पुढच्या माणसाबद्दल वाटत होतं. मी चौथा आलो.

गाडी थांबवून हेल्मेट काढलं तर आंटीचा मेकॅनिक आधी हेडलाइटची वायर तपासायला वाकला. त्याला वाटलं, कनेक्शन ढिलं आहे. सर त्यांच्या गाडीतून उतरून जवळजवळ पळतच आले.

"डिपर काहून मारत होता बे तू? मला वाटलं माझ्या गाडीतून धूर निघून राहिला. अर्धी रेस मी टेम्परेचरचा काटा बघत होतो."

"साइड मागत होतो."

"काय मागत होता?"

"साइड, सर."

ते शेजारच्या टायरच्या ढिगावर बसले. "अरे, रेस आहे ही. वर्धा रोड नाही."

"मग द्यायची होती की तुम्ही."

"मी काहून देऊ? मला तिसरा यायचं होतं."

मला राग आला. राग कुणाचा तेही नक्की नव्हतं. सरांचा आला, कारण आरशात मला आठ चकरा बघूनही त्यांना कळलं नाही. पण ज्या माणसाने आडवी रेघ मारून मला लायसन्स काढून दिलं त्याच्यावर रागावणार कसं? ज्याचे उपकार आहेत त्याच्यावर चिडायला जागाच नसते. मग ती चीड आतल्या आत फिरते आणि फिरून स्वतःलाच लागते. मी दहा मिनिटं उकिडवा बसून टायरमधले खडे काढत होतो. खडे नव्हते फारसे.

सर माझ्याशेजारी येऊन उकिडवे बसले. कंबर दुखत असताना. "ऐक. हेल्मेट घातलं की मी तुझा सर नाही. दुपारी माझ्या मागे बसला तर मी तुला कॉजवेवर बसमधून उतरवीन."

"मग मी घरी कसा जाऊ?"

"पोहत जा."

दुपारी दुसऱ्याच चकरेला मी त्यांच्या आतून शिरलो. त्यांनी दार बंद करावं तशी गाडी आत आणली, खरंच आणली, काही दया केली नाही. आरशाला आरसा लागला आणि माझा आरसा आत दुमडला. मी निघून गेलो. हात वर केला नाही. त्यानंतर आणखी एक गाडी घेतली आणि दुसरा आलो. माझ्यापुढे फक्त आंटीचीच पहिली गाडी होती. तिच्या एवढा जवळ आलो होतो की अजून एक चक्कर असती तर गेलो असतो. सर पाचवे आले. उतरल्यावर त्यांनी माझ्या हेल्मेटवर इतक्या जोरात चापट मारली की कान वाजला, आणि त्यांचे डोळे भरले होते असं मला वाटतं. पण घामही होता.

पहिल्या तिनात आलो होतो. मी घामाने भिजलेल्या कपड्यांतच आंटीच्या ऑफिसात गेलो. ती टेबलावर पेपर पसरून नूडल्स खात होती. मला बघून तिने एक फॉर्म माझ्याकडे सरकवला.

"सही कर. पूर्ण सीझन."

"आंटी, दुसरा आलो."

"कधी?"

"आत्ता. दुपारच्या रेसमध्ये."

"ती मी बघितली नाही. कस्टमवाल्यांचा फोन होता. माझे पार्ट अडकलेत." तिने चॉपस्टिकने फॉर्मवर जागा दाखवली. "सकाळी बघितलं ना मी. तेव्हाच ठरवलं."

मला वाटलं, माझं इंग्रजी कमी पडतंय. मी म्हणालो, "सकाळी तर चौथा होतो."

"चौथा, हो. पण आठ लॅप एकाच्या शेपटीला बसलास. धक्का नाही, ओरखडा नाही. माझ्या पहिल्या गाडीतला मुलगा माहीत आहे ना? त्याचा बाप टायर देतो, पेट्रोल देतो, दोन्ही गाड्यांना. याआधीचा दुसरा ड्रायव्हर दर रेसला त्याच्या पुढे जायला बघायचा. दोनदा गाड्या ठोकल्या. मला मागे राहणारा माणूस पाहिजे. जोरात चालवणारा, पण मागे राहणारा. असा मिळत नाही, ला. सगळ्यांना पुढेच जायचं असतं."

नूडल्सचा वास, वर फिरणारा पंखा, मी उभा. दुपारी जे केलं ते कुणाच्याही खात्यात नव्हतं. सकाळच्या ज्या आठ चकरांची मला लाज वाटत होती त्या बघून मला सीट मिळत होती. आणि मी काय केलं? थँक यू म्हणालो. दोनदा म्हणालो. सही केली, मराठीत, कारण घाईत इंग्रजी सही आठवेना.

त्याला आता दोन सीझन होऊन गेले. आंटीने शब्द पाळला. गाडी चांगली दिली, हेल्मेट नवीन दिलं, कारखान्यातल्या शनिवारांसाठी स्वतः फोरमनला पत्र लिहून दिलं. तिच्याविरुद्ध माझ्याकडे एक अक्षर नाही, आणि त्यानेच जास्त त्रास होतो. रेसमध्ये पहिल्या गाडीमागे पोचलो की हेल्मेटमधल्या रेडिओवर तिचा आवाज येतो, "होल्ड." म्हणजे मागेच थांब. मी होल्ड करतो. पुढचा पोरगा वाईट नाही, पण तो उजव्या वळणांवर घाबरतो, आणि मी त्याच्या मागे बसून त्याचं घाबरणं बघत राहतो. माझ्या पायाला ब्रेक मारायचा कंटाळा येतो. घरी निकालाचा फोटो पाठवला की आई फोन करते.

"परत दुसरा आलास. चांगलं आहे की."

"हो आई."

"आप्पा विचारतायत, पहिला कोण येतो तिकडे?"

"आमचीच दुसरी गाडी."

"मग घरातच राहिलं," आई म्हणते, आणि खूश होते. तिला काय सांगू? मी जास्त जोरात आहे असं सांगितलं तर ती विचारेल मग पुढे का जात नाहीस. आणि त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही.

तिसऱ्या सीझनची सही या महिन्यात व्हायची आहे. मी सरांच्या मदतीने एक मेसेज तयार केला. सर अजून सरच आहेत, नावाने हाक मारायला लावायचा नाद त्यांनी सोडलाय. सिंगापुरातच टॅम्पिनीसला त्यांच्या घरी जेवायला गेलो होतो, तिथे बसून लिहिला. त्यांची मुलगी शेजारी होमवर्क करत होती. तिने आमची दोन वाक्यं वाचली आणि म्हणाली, "सो लाँग फॉर व्हॉट? जस्ट टेल हर, ला." मी तिला सांगितलं, तुझं वय होऊ दे.

मेसेज असा होता: आंटी, या वर्षी मला पहिल्या गाडीमागे थांबायला सांगू नका. ते जमणार नसेल तर मी सीट सोडतो. शेवटचं वाक्य लिहायला मला वेळ लागला. सीट सोडली तर दुसरी कोण देणार, मला माहीत नाही. बहुतेक कुणीच नाही. पण ते वाक्य काढलं असतं तर मी परत डिपर मारत बसल्यासारखंच झालं असतं.

मंगळवारी पाठवला. बुधवारी उत्तर आलं. फक्त एक अंगठा.

मी त्याचा फोटो काढून सरांना पाठवला आणि लगेच फोन केला. "याचा अर्थ काय, सर?"

"अंगठा म्हणजे वाचलं."

"म्हणजे हो म्हणतेय का?"

"म्हणजे वाचलं. बाकी रविवारी कळेल."

"सीट सोड असं असेल का ते?"

"असेल. नसेल. तू आता काही करू नको. मला माहीत आहे तुझं, तू आता सॉरी आंटी लिहिशील. खबरदार लिहिलं तर."

ते फोन उचलायच्या आधीच मी लिहून पाठवून मोकळा झालो होतो. 'सॉरी आंटी, रागाने नाही लिहिलं.' पण पहिलं वाक्य मी मागे घेतलं नव्हतं, आणि दुसरंही नाही. फक्त सॉरी जोडलं. त्यावर अजून अंगठाही आलेला नाही.

रविवारी सकाळी मी जाणार आहे. हेल्मेटही घेऊन जाणार आहे आणि पान्यांची पेटीही, कारण काय लागेल ते ठाऊक नाही.